लोटस एलान एस३: डावा टॉवर जागेवर, गॅल्वनायझिंग (जस्ताचा लेप) रद्द

मंडळी, माझ्या जुन्या लोटस एलानच्या चासीचा डावा टॉवर, म्हणजे पुढचं सस्पेन्शन धरणारा उभा खांब, बसला. कर्णाच्या मापातला सात मिलिमीटरचा फरक, ज्याने माझा अख्खा हिवाळा खाल्ला, आता एका मिलिमीटरच्या आत आलाय. सध्या नुसते टाके मारलेत, पक्कं वेल्डिंग बाकी आहे, त्यामुळे पेढे वाटायची घाई करत नाही. पण बरेच दिवस इकडे फिरकलो नव्हतो, त्याचं कारण हेच.

मागच्या वेळी फायबरची बॉडी उतरवण्यापर्यंत आलो होतो. त्यानंतर चासी ब्लास्टिंगला दिली. परत आली ती करडी, स्वच्छ आणि भोकांनी भरलेली. डाव्या टॉवरच्या तळाशी जे गुळगुळीत अंग दिसत होतं ती चक्क लांबी (पुट्टी) होती. लांबीखाली कोणीतरी वरून चिकटवलेला पत्रा, पत्र्याखाली गंज. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. टॉवरच्या बुडाशी पाणी निघून जायला भोक असतं, ते चिखलाने बुजतं आणि मग वर्षानुवर्षं पाणी आतच मुरतं. एलानवाल्यांचं हे जुनंच दुखणं. माझी गाडी १९६७ची, म्हणजे तिला पुरेसे पावसाळे मिळालेत, तेही इंग्लंडमधले, जे संपतच नाहीत.

दोन टॉवरना जोडणाऱ्या आडव्या पोकळ क्रॉसमेंबरलाही सुईएवढी छिद्रं सापडली आणि एक जुनं कोडं सुटलं. रात्री गाडी चालवताना एक हेडलाइट हळूहळू खाली बसायचा, हे आठवत असेल. डायफ्राम बदलला, नळ्या बदलल्या, तरी तेच. एस३मध्ये बॉडीत दडलेले दिवे वर उचलणारा व्हॅक्यूम साठतो कुठे, तर या क्रॉसमेंबरच्याच पोकळीत. वेगळी टाकी नको, वेगळं वजन नको. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन, त्याचं डोकं ते! पण बंद पोकळीला आतून रंग कोण लावणार? ती आतून गंजली, छिद्रं पडली आणि माझी गाडी येणाऱ्या-जाणाऱ्यांना डोळा मारत फिरली.

आता मुख्य रडकथा. डावा टॉवर कापून काढला आणि तयार मिळणारा नवा मागवला. (कोणाकडून ते सांगत नाही, फक्त खालच्या पिनचं, म्हणजे सस्पेन्शनचा हात जिच्यावर फिरतो त्या दांड्याचं, भोक कानसून मोठं करावं लागलं एवढं नोंदवतो.) उजवा टॉवर धडधाकट होता, म्हणून त्याच्यावरून आरशातल्यासारखी मापं घेतली आणि डावा टाक्यांवर धरला. खालच्या पिना जुळल्या की वरची पिन मागे जायची. वरची जुळवली की टॉवर आणि क्रॉसमेंबरच्या जोडात बोटभर फट. कर्ण मोजले, म्हणजे डाव्या खालच्या पिनपासून उजव्या डिफरन्शियल माउंटिंगपर्यंत आणि उलट, तर सात मिलिमीटरचा फरक. कर्ण जुळवायला टॉवर पुढे ढकलला की फट आणखी वाढायची. टाके मारा, मोजा, शिव्या द्या, ग्राइंडरने टाके उडवा, हाच कार्यक्रम.

सात मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं जुन्या गाड्यांच्या बाबतीत कोणी म्हणेल. इथे ते चालत नाही. एलानच्या पुढच्या सस्पेन्शनला कॅम्बर-कास्टर (चाकाचा आत-बाहेर आणि पुढे-मागे कल) बदलायची सोयच नाही. टो, म्हणजे चाकांची तोंडं आत की बाहेर, तेवढा जुळवता येतो. पिन जिथे वेल्ड होईल तिथेच चाक जन्मभर उभं राहणार. ज्या गाडीचं सगळं नाव तिच्या स्टिअरिंगसाठी आहे, ती एका बाजूला ओढायला लागली तर ती ठेवायची कशाला?

शेवटी कोल्हापूरला मामांना व्हिडिओ कॉल लावला. तिथल्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, त्यांची हयात गेली आणि स्टँडर्ड हेराल्ड त्यांनी इतक्या खोलल्यात की एलानचा पुढचा अपराइट (चाक धरणारा उभा भाग) बघून त्यांनी लगेच ओळखला. तो मूळचा ट्रायम्फचाच, हेराल्डच्या घराण्यातला. मी टेपने घेतलेली मापं सांगत होतो. त्यांनी मधेच तोडलं. "आरं, टेप ठेव बाजूला. ओळंबा सोड आन् सूत धर."

चासी दोन लोखंडी चॅनेलवर लेव्हलमध्ये बसवली, मागे डिफरन्शियलच्या माउंटिंगला बोल्टने आवळली. प्रत्येक पिनवरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा केल्या आणि मागून पुढे मधल्या रेषेवर सूत ताणलं. ही चासी वरून बघितली तर दोन गलोली मुठीला मूठ लावून जोडल्यासारखी दिसते: पुढे इंजिनाच्या दोन बाजूंनी जाणारे पाय, मधे खोका, मागे पुन्हा दोन फाटे. सुतापासून उजवा पाय मॅन्युअलच्या नकाशाबरहुकूम निघाला. डावा पाय जिथे फाटा सुरू होतो त्याच्या थोडं पुढे आत झुकलेला. टॉवर निर्दोष होता, तो ज्याच्यावर उभा होता तो पायच वाकडा.

डोळ्यांना हे आधी का दिसलं नाही? टॉर्च पत्र्याला लागून आडवा धरला तेव्हा कळलं. आतल्या बाजूच्या पत्र्यावर तीन बारीक लाटा होत्या आणि मधल्या लाटेवर वेल्डिंगची घासून सपाट केलेली रेघ. कधीतरी ही गाडी पुढच्या डाव्या कोपऱ्यावर आपटली असणार आणि कोणीतरी ठोकून, भरून, घासून, वर अंडरसीलचा जाड थर देऊन मोकळा झाला.

मामांचा उपाय: गॅस लाव, लाल कर, दोन घण दे. हे मात्र मी ऐकलं नाही. हेराल्डच्या जाडजूड चासीला ते चालत असेल. इथे पत्रा व्हर्नियरवर सव्वा मिलिमीटरच्या आसपास भरतो. लाल केला की पापड. आतली बाजू दाबली जाऊन चुरगळली होती, म्हणून तिथेच कटिंग डिस्कने उभी चीर दिली. उजवा पाय चॅनेलला क्लॅम्पने जखडला, दोन पायांमध्ये लाकडी ठोकळे आणि बाटली जॅक आडवा. एकेक पंप आणि प्रत्येक पंपाला ओळंब्याकडे नजर. जॅक सोडला की पाय थोडा परत येतो, म्हणून हवं त्याच्या जरा पुढेच न्यावा लागला. चीर उघडून पाचरीसारखी झाली, तिच्यात तेवढाच पत्र्याचा तुकडा कापून बसवला. मग टॉवर नुसता ठेवला, दाबलासुद्धा नाही. फट गायब, वरची पिन जागेवर, कर्ण जुळले. शेजारी कुंपणापलीकडून विचारत होता काय झालं म्हणून, इतका मोठ्याने ओरडलो.

साधनांबद्दल दोन शब्द. पातळ पत्र्यावर गॅसविना चालणारं स्वस्त मिग वेल्डिंग मशीन वापरू नका, भोकं पाडण्याचा तो धंदा आहे. आर्गॉन मिश्रण आणि ०.६ मिलिमीटरची वायर, त्यातही एका जागी सलग ओढायचं नाही. एक टाका इथे, एक पार पलीकडे.

बरेच जण विचारतात, एवढं करण्यापेक्षा नवी चासी का घेत नाहीस. गॅल्वनाइज्ड चासी मिळते, नळ्यांची स्पेसफ्रेमही मिळते, दोन्ही उत्तम चालतात. मला हीच हवी. एलानला चासी असणार हेच मुळात ठरलेलं नव्हतं. लोटसच्याच आधीच्या एलिटसारखी सगळी गाडी फायबरचीच करायचा बेत होता आणि बॉडीचं काम पुरं होईपर्यंत इंजिन-सस्पेन्शन चालवून बघायला म्हणून हा सांगाडा केला. तो इतका ताठ आणि हलका निघाला की १९६२मध्ये गाडी त्याच्यासकट बाजारात आली. पुढे वर्कमेट हे घडीचं कामाचं टेबल काढणारा रॉन हिकमन या गाडीचा डिझायनर, हे वाचकांना माहीत असेलच. सगळा सांगाडा ३४ किलोच्या आसपास; मी आणि बायको मिळून तो आरामात हलवतो. मधल्या कण्याची कल्पना चॅपमनची नव्हे, चेक कंपनी टाट्राने १९२३मध्येच ती केली होती, पण एवढ्या पातळ पत्र्यातून हे काम काढणं त्याचंच.

बेत असा होता की वेल्डिंग झालं की हीच चासी गॅल्वनाइज करून आणायची. हे लिहितालिहिता तो बेत मोडतोय. जस्ताची कढई साधारण ४५० अंशांची. बंद पोकळी तशीच बुडवली तर आतल्या हवेने फुटते, म्हणजे क्रॉसमेंबरला भोकं पाडणं आलं, म्हणजे व्हॅक्यूमची टाकी गेली. शिवाय इतक्या मुश्किलीने जुळलेली मापं त्या उष्णतेत घालायची माझी छाती नाही. त्यापेक्षा बाहेरून इपॉक्सी प्रायमर, आणि क्रॉसमेंबरला भोकं पाडायचीच तर ती मेण फवारायला पाडतो. टॉवरच्या बुडाची भोकंही दुप्पट मोठी. व्हॅक्यूमसाठी जाड नळीची दोन्ही तोंडं बंद करून वेगळी टाकी, नाकाच्या आत. मूळपणाचा आग्रह धरणारे नाराज होतील, पण दिवा वर राहील.

मागच्या चाकांच्या ड्राइव्हशाफ्टना रोटोफ्लेक्सचे रबरी जोडच ठेवणार. त्यांच्या जागी पक्के सीव्ही जॉइंट घातले की क्लच सोडतानाचा तो झोका जातो हे कबूल, पण मला तो आवडतो. ट्रनियनचे, म्हणजे अपराइटच्या खालच्या फिरत्या जोडाचे, आटे पुसून बघितले, दोन्ही शाबूत. तिथे ग्रीस नाही, ईपी९० हे गिअर तेल. मामांनीही हेच बजावलं.

आता प्रश्न तुम्हाला. एस३मध्ये कोणी वेगळी व्हॅक्यूम टाकी बसवली आहे का? रेडिएटरच्या पुढे बसवली की हवेची वाट अडते, आणि मागे जागा फार कमी दिसते. नळीचा व्यास आणि जागेचा फोटो दिलात तर पत्रा कापायच्या आधी बघून घेतो.