नागपूरचा स्लॅब: आधी ऊन, मग पाऊस

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्यामुळे वरच्या मजल्यावर भिंतींपेक्षा छतच जास्त तापतं. आणि तीनेक आठवड्यांत त्याच छतावर पाऊस कोसळू लागतो.

महाल या जुन्या वस्तीतल्या घरांचे कवेलू, म्हणजे मातीची कौलं, या दोन्हींना पुरून उरायचे. फटींतून गरम हवा निघून जाई, रात्री छप्पर लवकर निवे, उतारावरचं पाणी वळचणीला पडे. फक्त सोसाट्याच्या वावधनात आणि माकडांच्या उड्यांत ते सरकत, म्हणून दरवर्षी मृगाआधी फेरावे, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवावे लागत. पुढे मजले चढले, स्लॅब आला. तो दिवसभर तापतो आणि ती धग रात्री खोलीत सोडतो. गळला तर आतली सळई गंजून फुगते, प्लास्टरचे पोपडे पडतात.

यावर कोबा, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मसाल्यात बसवलेला विटांच्या तुकड्यांचा थर, अजूनही भरवशाचा आहे, पण तो फेब्रुवारीतच करून घ्या. एप्रिलच्या उन्हात मसाला मुरण्याआधीच सुकतो आणि केसासारख्या भेगा पडतात. विटा आधी भिजवाव्यात, नाहीतर त्या मसाल्यातलं पाणी ओढून घेतात. उतार पाइपाच्या तोंडाकडे, दर मीटरला किमान १ सेंमी. कठड्याच्या कोपऱ्यात गोलाई देऊन थर भिंतीवर ३० सेंमी चढवावा. बहुतेक गळती याच सांध्यातून होते. मग गच्चीत पाणी साठवून किमान ७ दिवस राहू द्यावं. खाली ओल दिसली, तर ती याच वेळी सापडते. वरून पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर द्या, ऊन परतवायला. चुन्याचा हात स्वस्त, पण पावसात धुऊन जातो.

एक चूक मात्र फार होते: गळतंय म्हणून जुन्या कोब्यावरच नवा कोबा. १० सेंमी कोब्याचं वजन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो. जुना फोडल्याशिवाय नवा चढवूच नये.

पाण्याच्या वाटेतही कंजुषी नको. तासाला १०० मिमी पाऊस धरला, तर ४ इंची एक पाइप साधारण ८० चौरस मीटर गच्चीला पुरतो. तरीही दोन ठेवा. एक पानांनी तुंबतोच.

खिडकीवरचा छज्जा ६० सेंमी हवा, आणि त्याच्या खालच्या कडेला बोटभर रुंदीची खाच, म्हणजे पाणी भिंतीकडे न ओघळता तिथेच ठिबकतं. पश्चिमेचं तिरपं ऊन छज्ज्याने अडत नाही. तिथे जाळी किंवा बांबूच्या काड्यांचा चिकाचा पडदाच लागतो. जुलैत कूलरचा पंप बंद करा, नुसता पंखा चालवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. हवाच ओली असते तेव्हा पाणी गारवा देत नाही, दमटपणा वाढवतं.