शब्दच नाहीत, तर ऐकता काय?

"काका, त्यात शब्दच नाहीत, मग काय ऐकून राहिले तुम्ही?" मी नुसतं वाद्यसंगीत ऐकतो म्हणून हा प्रश्न मला धरमपेठेतल्या आमच्या जिन्यात विचारलाय, लग्नाच्या पंगतीत विचारलाय, एकदा तर तर्रीपोह्यांच्या ठेल्यावरही. दरवेळी मी हसून वेळ मारून नेतो. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

आमच्या घरी गाणं म्हणजे वसंतराव देशपांडे. मूर्तिजापूरला जन्मले, नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले, म्हणजे आपलेच, असा वडिलांचा हिशेब. कॅसेट लागली की घरात कोणी बोलायचं नाही. मी आठ-नऊ वर्षांचा. शब्द समजायचे नाहीत, ताना तर त्याहून नाहीत. पण वसंतराव दम घ्यायला थांबले की मागून कोणीतरी त्यांचंच बोलणं हळूच पुरं करायचं, कधी शेवटचा तुकडा जरा वळवून परत द्यायचं. मी त्या थांबण्याची वाट बघत बसायचो. "हे कोण?" म्हणून विचारलं तर वडील म्हणाले, "साथीला आहेत." नाव काही सांगितलं नाही.

तिथून मी साथीच्या नादी लागलो आणि पेटीवरून सारंगीवर आलो. पेटीचे सूर ठरल्या जागी बसवलेले, तिच्यात मींड (एका सुरातून दुसऱ्यात न तुटता सरकणं) निघत नाही, म्हणून आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं तिला दाराबाहेर ठेवलं होतं. ती बंदी मला आजही हेकटपणाची वाटते. पण सारंगी ऐकल्यावर तक्रार कशाबद्दल होती ते कळतं. तिच्या तीन मुख्य तारा तातीच्या, म्हणजे आतड्याच्या, खाली पस्तीसेक तरफा, म्हणजे न वाजवताच सुराबरोबर घुमणाऱ्या तारा. तार बोटानं दाबायची नाही, नखाच्या मुळानं बाजूनं घासायची. त्यामुळे एका सुरातून दुसऱ्यात जाताना मधली सगळी वाट ऐकू येते. मला ती वाटच आवडते, मुक्कामाचं तेवढं नाही.

सारंगीवादक रामनारायणांनी तरुणपणी लाहोरच्या रेडिओवर साथ केली, फाळणीनंतर दिल्लीच्या. मग मुंबईला आले आणि पुढे साथ सोडून एकट्यानं बसू लागले. गवयाच्या मागची जागा सोडणं त्या काळात साधं नव्हतं. सारंगीवाल्यानं पुढे बसायचं, हेच लोकांना रुचत नव्हतं. २०२४च्या नोव्हेंबरात ते गेले, त्या रात्री मी त्यांचा आलाप लावला आणि कोणाला काही बोललो नाही.

सतारीत निखिल बॅनर्जी. विलायत खाँ मोठेच, पण ते सतारीला गायला लावतात आणि मी तर गाण्यापासूनच पळालेला माणूस. संतूर पावसाळी दुपारी, थोडंसं. जुगलबंदीतले सवाल-जवाब मात्र सहन होत नाहीत. तबलजी आणि सतारिये एकमेकांना चेंडू टाकू लागले आणि टाळ्या सुरू झाल्या की मी चहाला उठतो. आणि मे महिन्यात काहीच नाही. कूलरच्या घरघरीत आलाप ऐकायचा कसा? तो बंद करावा तर नागपूरचा मे.

जुलैतल्या एका मैफलीला सिव्हिल लाइन्सच्या देशपांडे सभागृहात (म्हणजे पुन्हा वसंतरावांच्याच घरी) दमट हवेनं सारंगीच्या ताती उतरत होत्या. वादक दहा मिनिटं तरफा लावत बसले. लोक चुळबुळत होते. एकेक तरफ सुराला लागली की बाकीच्या आपोआप गुणगुणायच्या. त्या संध्याकाळचं मला तेवढंच आठवतं, राग कोणता होता तेही नाही.

वडिलांना मी हे पटवायचा एकदाच प्रयत्न केला. रामनारायणांची कॅसेट लावली. ते आरामखुर्चीत डोळे मिटून बसले, दोनदा मान हलवली. पंधराएक मिनिटांनी डोळे उघडून म्हणाले, "साथ छान आहे रे. गाणारा कधी सुरू करून राहिला?"

मी काही बोललो नाही. बाजू संपेपर्यंत ते वाट बघत बसले.