गालात कापसाचे बोळे

गाल भरायला कुठलं फिलर (कातडीखाली टोचून खोलगट जागा भरायचं औषध) चांगलं, हा प्रश्न माझ्या ओपीडीत रोजचा. विचारणारे बहुतेक जण मोबाइलवर कुणातरी नटीचा फोटो घेऊन येतात. एसटीत कंडक्टर असलेल्या एका गृहस्थांनीही फोटोच दाखवला, पण तो त्यांचा स्वतःचा होता, ओळखपत्रावरचा.

"ह्यात गाल भरल्यालं दिसतात न्हवं मॅडम? आत कापसाचे बोळे हायत."

शेजारी बसलेल्या बायकोनं मान खाली घातली. मग फाइल पुढे केली. (हे त्यांच्या संमतीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

फाइल एआरटी केंद्राची, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या केंद्राची होती. एचआयव्हीचं निदान 2007 सालचं. आपल्याकडे 1 एप्रिल 2004 पासून ही औषधं सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागली आणि असंख्य माणसं वाचली. सुरुवातीच्या वर्षांत त्या गोळ्यांमध्ये बऱ्याचदा स्टॅव्हुडिन असायचं. स्वस्त, परिणामकारक, पण चरबीच्या पेशींच्या मुळावर येणारं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाची जडणघडणच ते बिघडवतं. हातापायांची आणि गालांची चरबी झडते, शिरा वर दिसायला लागतात. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हे औषध हळूहळू बंद करा म्हणून सांगितलं. आता यांना रोज एकच गोळी असते आणि रक्तात विषाणू सापडत नाही, इतके ते ठणठणीत आहेत. गोळी बदलली तरी गेलेले गाल मात्र फारसे परत येत नाहीत.

मी त्यांचा गाल चिमटीत धरला. माझी दोन बोटं जवळपास एकमेकांना भिडली, मधे फक्त कातडी. ते बोलायला लागले की कानशिलाजवळचा स्नायू कातडीखाली दोरीसारखा हलताना दिसायचा. वय पन्नाशीच्या आत, चेहरा सत्तरीचा.

"गाडीत कोन बोलत न्हाई तोंडावर. पन ज्याला म्हाईत हाय त्याला चेहरा बघूनच कळतंय." थोरल्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तुळशीचं लग्न झालं की पुढच्या मुहूर्तावर. मुलीच्या सासरी आजाराबद्दल काय सांगायचं ते नवराबायकोनं आणि मुलीनं मिळून ठरवलं होतं, त्यात मी पडले नाही. मांडवात मात्र कापसाचे बोळे घालून उभं राहता येत नाही. जेवायला बसायचं असतं, हसायचं असतं.

आधी ते दुसऱ्या एका दवाखान्यात जाऊन आले होते. तिथं केसपेपरवर लाल शाईनं आजार लिहून तो काउंटरवर सगळ्यांना दिसेल असा ठेवला आणि "मशीन बिघडलंय" म्हणून परत पाठवलं. फिलरला मशीन लागतच नाही! 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं असा भेदभाव करायला आणि संमतीशिवाय आजार उघड करायला बंदी घातली आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी नुसतं "असंल" म्हटलं. माझ्या सिस्टरनं हळूच विचारलं, "मॅडम, डबल ग्लव्ज?" मी म्हटलं, सकाळपासून सगळ्यांना जे घातलेस तेच.

मग खरा प्रश्न आला. त्यांच्याकडे लग्नाच्या खर्चातून बाजूला काढलेले पैसे होते, आणि ते एकदाच निघणार होते.

पहिला पर्याय हायलुरॉनिक ॲसिड. जुव्हेडर्म व्होल्युमा, रेस्टिलेन लिफ्ट ही नावं यातलीच. वयानं बसलेल्या गालांसाठी अमेरिकेत व्होल्युमाला 2013 मध्ये मान्यता मिळाली. जेल असतं, टोचल्या टोचल्या गाल दिसतो आणि नाही आवडला तर हायलुरॉनिडेज हे एन्झाइम टोचून विरघळवता येतो. माझ्या बहुतेक पेशंट्सना मी हेच सुचवते, कारण परतीची वाट उघडी राहते. पण सिरिंज 1 मिलीची. चहाचा चमचा 5 मिलीचा असतो, म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा. ज्याच्या गालाच्या हाडावर थोडासा उठाव हवा त्याला ते पुरतं. इथं खड्डा हाडाच्या खाली होता, रुंद आणि खोल. प्रत्येक बाजूला कितीतरी सिरिंजा लागल्या असत्या, एकेकीची किंमत 20 हजारांच्या पुढे, आणि दीड-दोन वर्षांनी पुन्हा तेच.

दुसरा रेडिएस, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपॅटाइट. आपल्या हाडांत आणि दातांत असतं त्याच खनिजाचे 25 ते 45 मायक्रॉनचे गोल कण जेलमध्ये घातलेले. लगेच भरतं, मग जेल विरत जातं आणि कणांभोवती शरीर स्वतःचं कोलॅजन, म्हणजे कातडीला भरीवपणा देणारं प्रथिन बनवतं. साधारण वर्ष-दीड वर्ष टिकतं. पण याला विरघळवणारं औषध नाही, आणि कण सीटी स्कॅनमध्ये पांढरे दिसतात. उद्या स्कॅन झालाच, तर वाचणाऱ्या डॉक्टरला सांगायला हवं.

तिसरा स्कल्प्ट्रा, पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड. आपोआप विरणाऱ्या टाक्यांच्या घराण्यातलं हे रसायन. पांढरी पूड येते, ती पाण्यात कालवून टोचायची. स्वतः काही भरत नाही. शरीराला डिवचतं आणि शरीर काही महिन्यांत कोलॅजन घालून जागा भरतं. टिकतं दोन वर्षं किंवा जास्त. आज ब्यूटी क्लिनिकांत मिरवणाऱ्या या पुडीला अमेरिकेत 2004 मध्ये पहिली मान्यता मिळाली ती एचआयव्हीमुळे झडलेल्या गालांसाठीच. रेडिएसलाही 2006 मध्ये सुरकुत्यांच्या जोडीनं याच कारणासाठी मिळाली. सौंदर्यासाठी ही औषधं फोफावली ती नंतर. हे त्या दोघांना सांगितलं तेव्हा बाई पहिल्यांदा वर बघून बोलल्या, "म्हंजे आमच्यासाठीच निघालंय की हे."

"पोटातली चरबी काढून घाला की," असंही त्या गृहस्थांनी सुचवलं. त्यांचं पोट थोडं सुटलेलं होतं. पण या आजारात, या औषधांनी वाढलेली पोटाची चरबी आतड्यांभोवती, आत असते. ती नळीनं ओढता येत नाही. कातडीखाली घेण्यासारखं काही नव्हतंच. आणि कुणीतरी सुचवलेलं "कायमचं" फिलर मी ऐकूनही घेतलं नाही. चेहरा वयानुसार बदलत जातो, आतलं कायमचं फिलर बदलत नाही. वर्षांनी गाठी आल्या की त्या कापून काढायच्या म्हणजे चेहऱ्यावर सुरी आली.

मला वाटत होतं त्यांना झटपट काहीतरी हवं असेल. लग्न तोंडावर, मग थोडं थोडं जेल घालून वेळ निभावून न्यावी का, असा माझा विचार चालला होता. बाईंनीच तो मोडला. "लगीच फुगल्यालं दिसलं तर डेपोत इचारतील की. हळूहळू आलं तर म्हनतील, तब्येत सुदारली." त्यांच्या गावात खोल गाल जितके बोलके, तितकाच एका रात्रीत आलेला गुबगुबीतपणा. शिवाय कुपी पाण्यात कालवली की रुंद जागेत पसरता येते. हाताशी चारेक महिने होते. स्कल्प्ट्रा ठरलं.

मग मी कापूस मागवला. त्यांना म्हटलं, ओळखपत्राला घातले होते तसेच बोळे घाला. आरशासमोर बसवून, पांढऱ्या पेन्सिलीनं खुणा केल्या. बोळ्यांनी गाल खालून, दातांच्या रेषेत फुगला होता, दाढ दुखणाऱ्यासारखा. मी उठाव वरून, हाडाच्या कडेपासून सुरू केला आणि खाली विरवत आणला. इतका अचूक नकाशा मला कुणी पेशंट स्वतः आणून देत नाही.

टोचताना घाई चालत नाही. कुपीतला फेस सिरिंजमध्ये आला की सुईत पूड अडकते. कॅन्युला, म्हणजे बोथट टोकाची बारीक नळी, कातडीखालून पंख्यासारखी फिरवायची, वरवर सोडायचं नाही, नाहीतर गाठी. गालातून चेहऱ्याची धमनी जाते. तिच्यात फिलर गेलं तर कातडी काळी पडण्यापासून डोळा जाण्यापर्यंत काहीही होऊ शकतं, आणि ही पूड विरघळवायला काही नाही. कातडी पांढरी पडते का याकडे माझी नजर आणि सिस्टरचीही. तिच्या हातात ग्लव्ज एकच होते.

आरशात बघून ते हरखले. मी लगेच सांगितलं, हे पाणी आहे, दोन-तीन दिवसांत ओसरेल, घाबरायचं नाही. तरी फोन आलाच. "मॅडम, गेलं की सगळं!" पुन्हा समजावलं. मालीश चालू ठेवा: पाच मिनिटं, दिवसातून पाच वेळा, पाच दिवस. डेपोत ड्रायव्हरनं विचारलं तर म्हणे दाढ दुखतीय सांगून मोकळे झाले.

काही आठवड्यांच्या अंतरानं पुढच्या बैठका झाल्या. दिवाळीनंतर आले तेव्हा मी गाल चिमटीत धरला आणि बोटांमध्ये काहीतरी होतं. सबंध भरला नाही, डावीकडे अजून जरा खोल आहे, आणि मी तो तसाच ठेवला. लग्नाचे फोटो त्यांच्या बायकोनं पाठवले. एकात ते पंगतीत बसलेत, घास तोंडात, कॅमेऱ्याकडे लक्षही नाही.

एआरटी केंद्राच्या रांगेतल्या दोघांनी आता त्यांच्याकडून माझा नंबर घेतला आहे. अमेरिकेत 2010 पासून अशा चेहऱ्यामुळे नैराश्य आलेल्या रुग्णांना स्कल्प्ट्रा आणि रेडिएसचा खर्च मेडिकेअर ही तिथली सरकारी आरोग्य विमा योजना देते. हे दोघे स्वतःच्या खिशातून देणार आहेत. त्यातल्या एकाला एकच कुपी परवडेल. त्याला मी आधी येऊन गाल दाखवायला सांगितलं आहे, आणि येताना जुना फोटो आणायलाही.