ठोके सहा आठवड्यांत, संमतीपत्र पाच महिन्यांत

एमटेकच्या प्रकल्पात ईसीजीवरून हृदयाचे बिघडलेले ठोके ओळखणारं संगणकाचं मॉडेल करायला मला सहा आठवडे लागले. पेशंटकडून सही घ्यायचं अडीच पानी संमतीपत्र मंजूर व्हायला पाच महिने.

एमआयटी-बीआयएच हा बॉस्टनच्या हॉस्पिटलमधल्या ईसीजी नोंदींचा डेटा फुकट मिळतो: अर्ध्या अर्ध्या तासाच्या 48 नोंदी, सेकंदाला 360 नमुने. पण ती माणसं बॉस्टनची, 1975 ते 79 मधली. सर म्हणाले, "इथले वीस-पंचवीस पेशंट घे, नाहीतर परीक्षक तेवढंच धरून बसतील." म्हणजे पेशंटवरच्या संशोधनाला परवानगी देणारी हॉस्पिटलची एथिक्स कमिटी आली.

बैठक दोन महिन्यांतून एकदा. पहिल्या खेपेला अर्ज परत, कारण मराठी संमतीपत्र नव्हतं. रात्रभर बसून केलं. दुसऱ्या खेपेला पुन्हा परत: मराठीवरून उलट इंग्रजी भाषांतर हवं, तेही तिसऱ्याच माणसाकडून. हे आधीच का नाही सांगितलं, असं कमिटीच्या ऑफिसच्या खिडकीवर विचारलं तर मान वर न करता उत्तर आलं, "मॅडम, तुम्ही विचारलं कुठे?" (तुम्ही जाल तेव्हा मंजूर झालेल्या जुन्या अर्जाची प्रत आधी मागून घ्या. विनंती करा, चहा पाजा, पण घ्या.)

तिसऱ्या बैठकीला मला आत बोलावलं. कमिटीत वैद्यकाबाहेरचाही एक सदस्य असतो. इथे निवृत्त शिक्षिका होत्या. डॉक्टरमंडळी घड्याळ बघत होती, बाईंनी मात्र कागदावर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. "'हृदयाचे विद्युत संकेत नोंदवले जातील' म्हणजे काय गं? शॉक देणार?" मी हसले. त्या हसल्या नाहीत. "माझ्या आईला हे वाचून दाखवलं तर ती पलंगावरून उठून जाईल." तिथेच उभ्याउभ्या वाक्य बदललं: 'दवाखान्यात काढतात तसाच कार्डिओग्राम काढू. शरीरात करंट सोडला जात नाही.' झालं, मंजूर! चिडचिड खिडकीवरची होती, बाईंवर नाही.

आधी सांगायचं राहिलं: बॉस्टनच्या नोंदींवर मी सवयीने आपल्याकडच्या विजेची गुणगुण गाळणारा 50 हर्ट्झचा नॉच फिल्टर लावला होता आणि गुणगुण काही जाईना. अमेरिकेतली वीज 60 हर्ट्झची! दोन दिवस गेले. आणि सगळे ठोके पत्त्यांसारखे पिसून काही मॉडेलला शिकवायला, काही तपासायला (ट्रेन-टेस्ट) घेतलेत तर 99 टक्के बरोबर येतात, त्यावर पेढे वाटू नका. एकाच माणसाचे ठोके दोन्हीकडे जातात. पेशंटनुसार वेगळे केल्यावर माझे कर्णिकेतून (हृदयाच्या वरच्या कप्प्यातून) वेळेआधी उठणारे ठोके धडाधड चुकले, कारण ते आकाराने नेहमीच्या ठोक्यासारखेच, फक्त लवकर येतात. आधीच्या ठोक्यापासूनचं अंतर मॉडेलला दिलं तेव्हा कुठे सावरलं. बॉस्टनच्या डेटातल्या 201 आणि 202 क्रमांकाच्या नोंदी एकाच माणसाच्या आहेत, त्या एकाच बाजूला ठेवा.

काल त्याच खिडकीवर समाप्ती अहवाल द्यायला गेले. तीन प्रती हव्या होत्या. मी चार नेल्या होत्या.