आमची वाटचाल : वायंगणापासून सातव्या मजल्यापर्यंत

पर्वरीत आज कुणाला पत्ता सांगायचा तर मॉल, विधानसभा, हायकोर्ट अशा खुणा सांगाव्या लागतात. बाबांनी १९७९ साली इथं पंपदुरुस्तीचं दुकान घातलं तेव्हा खूण एकच होती, हमरस्ता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना उघडा सडा, म्हणजे जांभ्याचं पठार, काजूची झाडं, पावसाळ्यात काकडी-दोडकीचे मांडव. भातशेती सगळी पायथ्याला : सुकूर, साल्वादोर द मुंद, पिळर्ण, सांगोल्डा. वस्तीही बहुतेक तिथंच, कारण पाणी तिथं. जांभा दगड पाऊस गिळतो आणि खाली झरींतून, विहिरींतून सोडतो. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण सड्यावर तो थांबत नाही.

बाबा वाइंडिंग, म्हणजे मोटरीत तांब्याची तार नव्यानं गुंडाळणं, शिकले म्हापशाला. दुकान सड्यावर आणि गिऱ्हाईक खाली, हा व्यवहार तेव्हा अनेकांना वेडेपणाचा वाटला. पण चारही गावांच्या वाटा हमरस्त्याला येऊन मिळत, त्यामुळे सायकलवर मोटर बांधून आणायला हीच जागा सोयीची होती. सरदाचं, म्हणजे पावसाळी भाताचं, पीक पावसावर येतं, त्याला आमची गरज नसे. खरा हंगाम दिवाळीनंतरचा. वायंगणाची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताची, पेरणी तोंडावर आली की सहा महिने गोठ्यात पडून राहिलेले पंप एकदमच आठवायचे. फूट व्हॉल्व्हच्या जाळीत चिखल, कातडी वॉशर सुकून वाकलेला, स्टार्टरच्या पेटीत चिकटून मेलेली पाल. ही पाल मी लहानपणी इतक्या वेळा काढली आहे की स्टार्टर उघडताना आजही आधी तीच शोधतो. पैसे कापणीनंतर मिळत. काही जण उकड्या तांदळाचं पोतं नाहीतर नारळ आणून टाकत, आणि आई त्यावर खूश असे. बाबा तेवढे खूश नसत, कारण तांब्याच्या तारेचा दुकानदार नारळ घेत नाही.

५ जुलै १९८६ ला पर्वरी-पणजी जोडणारा मांडवीचा पूल कोसळला. तार, बेअरिंगं, वार्निश आम्ही पणजीहून आणायचो. पुलानंतर सगळं बेतीच्या फेरीबोटीतून, खांद्यावर. नवा पूल १९९२ मध्ये झाला आणि मग मात्र पर्वरीचं रूप भराभर पालटलं. पणजीत नोकरी, पण तिथं घर परवडत नाही, अशा माणसाला सडा एकदम जवळचा वाटू लागला.

आमचा धंदा खरा बदलला तो हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीनं. शेतकऱ्याची मोटर जळली तर तो दोन-चार दिवस थांबे, शेजाऱ्याचं पाणी घेई. वसाहतीतल्या घरात खालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर सकाळी बंद पडली की नळाला पाणी नाही, आणि नऊ वाजता ऑफिस. एक कातोलिक मावशी तर दारातूनच हाक मारी : "मेस्ता, उदक येना रे!" दुरुस्तीला दोन दिवस लागतील हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. म्हणून बाबांनी जुन्या मोटरी विकत घेऊन, नव्यानं गुंडाळून बदलीसाठी तयार ठेवल्या. जळलेली काढायची, बदलीची लावायची, पाणी सुरू करून निघायचं. पर्वरीत आमचं नाव झालं ते वाइंडिंगपेक्षा या बदलीच्या मोटरींमुळे. आणि वसाहतीत पैसे त्याच संध्याकाळी मिळत.

वाइंडिंग मात्र घाईचं काम नव्हे. जळलेली वेटोळी छिन्नीनं कापून काढायची, एक वेटोळं उलगडून फेरे मोजायचे, तारेची जाडी मायक्रोमीटरवर घ्यायची. खाचांत इन्सुलेशनचा कागद नवा घालायचा, वेटोळी बसवायची, पट्टीनं बांधायची, मग वार्निश पाजून बल्बखाली सुकवायचं. पावसाळ्यात हे सुकणं फार रेंगाळतं. आमचे जुने मेस्त, म्हणजे कारागीर, बोट लावून नव्हे, वास घेऊन सांगत की अजून ओलं आहे. ते हयात असतानाही मी मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर, तपासल्याशिवाय मोटर सोडत नसे, आणि मेगर त्यांच्याशी सहमत होई.

विधानसभा २००० साली पर्वरीत आली. त्यानंतर दुमजली बंगल्यांच्या जागी इमारती, मग लिफ्टवाल्या सोसायट्या. आमचा शब्दसंग्रहही बदलला : प्रेशर बूस्टर, फ्लोट स्विच, पॅनेल, वार्षिक देखभाल करार. आज आमच्या उत्पन्नाचा मोठा वाटा सोसायट्यांचा. गंमत अशी की जनगणनेत सुकूर आणि पेन्य द फ्रांस ही शहरं आहेत, पण कारभार अजून पंचायतीचाच.

आता धंद्यातली जी गोष्ट मला रुचत नाही ती सांगतो. बार्देशचं, म्हणजे आमच्या तालुक्याचं, नळाचं पाणी अस्नोड्याच्या प्रकल्पातून येतं, त्याला तिळारीच्या कालव्याचा आधार. उन्हाळ्यात ते कमी पडलं की टँकर. टँकर भरतात पायथ्याच्या विहिरींवर. त्या विहिरीवरचा पंप आम्ही दुरुस्त करतो, टँकर सड्यावर चढतो, सोसायटीच्या टाकीत रिकामा होतो आणि तिथून सातव्या मजल्यावर पाणी नेणारा पंपही आमच्याच देखभालीत असतो. एकाच पाण्यावर आमचं दोनदा बिल. विहिरीवर बसवलेला साधा पंप हवेच्या दाबाच्या जोरावर पाणी वर घेतो. हिशोबानं दहा मीटर, प्रत्यक्षात सातेक मीटर, याहून खोल पाणी तो उचलत नाही. पाणी खाली गेलं की पंप विहिरीतल्या टप्प्यावर उतरवावा लागतो. आमच्या काही जुन्या गिऱ्हाइकांकडे हे बोलावणं मे महिन्यात यायचं, आता मार्चअखेर येतं. तोर्ड्याकडे, खाजनाच्या म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या कडेला, त्याच दिवसांत पाणी मचूळ होतं आणि बिडाचा इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरतं चाक, खाऊन टाकतं. वर फरशी घातली तर खाली झिरपणार काय, हे सांगायला भूगर्भतज्ज्ञ लागत नाही. गोव्यात भूजल नियमनाचा कायदा २००२ पासून आहे. टँकरच्या रांगा बघून तो कुणाला आठवेल असं वाटत नाही.

म्हणून करार करताना मी सोसायटीला गच्चीचं पाणी गाळून जुन्या विहिरीत सोडायचा आराखडा फुकट देतो. बहुतेक समित्या पुढच्या बैठकीत बघू म्हणतात. ज्यांनी केलं त्यांच्याकडचे टँकर कमी झाले, आणि आमचं एक बिलही. पुतण्या हसतो. इंजिनिअर आहे तो, पॅनेलचं सगळं काम त्याच्याकडे.

उड्डाणपुलाच्या कामामुळे रस्त्यावरचं दुकान चालवणं कठीण झालं. धूळ वार्निशवर बसते आणि गाडी उभी करायला जागा नाही. त्याच कामासाठी खाप्रेश्वर देवस्थानाचा वड हलवला त्या मार्चमध्ये, २०२५ ला, आम्हीही वाइंडिंग पिळर्णला शेडमध्ये हलवलं. दुकानात आता फक्त सुटे भाग आणि तक्रारवही. दिवाळीनंतर वायंगणवाले तिथंच येतात, हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. त्यांचा दर वेगळा आहे आणि पैसे अजून कापणीनंतरच. पुतण्याच्या संगणकात तशी उधारी बसत नाही, म्हणून ती वहीत लिहितो.