आईच्या खलबत्त्यावर चिकटवलेली चिठ्ठी

काल रात्री केनियातल्या मोंबासाहून दादाचा व्हिडिओ कॉल आला. मिशनच्या सेवेसाठी गेलेला तो, आता डिसेंबरात बायकोमुलांसकट नाशिकला परत येतोय. माझ्याकडे दहा वाजलेले, त्यांच्याकडे साडेसात. त्याच्या धाकट्या मुलीने फोन हिसकावून घेतला आणि सगळं घर फिरवून दाखवलं. प्रत्येक वस्तूला पिवळी चिठ्ठी. फ्रिजला, टेबलाला, मच्छरदाणीला, अगदी भिंतीवरच्या घड्याळाला पण. कोणाला काय द्यायचं त्याची नावं. किचनमध्ये आईचा बिडाचा खलबत्ता होता, त्याच्यावरही चिठ्ठी. शेजारणीचं नाव. धाकटीने नावाच्या बाजूला एक फूलसुद्धा काढलंय.

मी छान छान म्हटलं. फोन ठेवला आणि झोप उडाली ती उडालीच.

म्हणजे खलबत्ता काय मोठी गोष्ट आहे, भांडी बाजारात गेलं तर आजही मिळेल. जाताना आईच वहिनीला म्हणालेली, घेऊन जा, परमुलखात काळा मसाला कुठला मिळायचा, आणि २३ किलोच्या बॅगेत तो टॉवेलात गुंडाळून बसवला, त्याच्यापायी वहिनीच्या चादरी इथेच राहिल्या. मग तिकडून पहिल्याच पत्रात कळलं की मोंबासात गुजराती दुकानं भरपूर आहेत आणि हिंगापासून पापडापर्यंत सगळं मिळतं. आई किती हसलेली. ते सगळं ठीक आहे. देतायत तर द्या. पण एकदा विचारायचं ना मला. एक मेसेज. "ताई, तुला हवाय का?" एवढंच.

मी नकोच म्हटलं असतं बहुतेक. पण विचारायचं.

आईच्या शेवटच्या वर्षात तो इथे नव्हता, ते जाऊ दे. मातीला पोचला नाही, तेही जाऊ दे, तिकिटं काय मनात आलं आणि मिळाली असं नसतं. पण दर रविवारी उपासनेत मध्यस्थीच्या प्रार्थनेत दादाचं नाव येतं, बायकोमुलांसकट, "दूरदेशी सेवेत असलेल्या आमच्या कुटुंबासाठी", आणि मी मागच्या बाकावर आमेन म्हणते. "आणि जी इथे राहून बीपीच्या गोळ्या आणत होती तिच्यासाठीही" असं कोणी म्हटलेलं मला आठवत नाही. लिहिताना माझं मलाच हसू येतंय, पण नाही आठवत.

जायच्या आधी दादाने चर्चमध्ये साक्ष दिली तेव्हा निम्मी मंडळी रडत होती. शरणपूरची गोष्ट सांगितली त्याने. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे नाशकातच आपल्या शरणपूरला मिशनमध्ये वाढली, मग १८७५ च्या सुमारास इथलेच मिशनरी प्राइससाहेब मोंबासाजवळ फ्रिअरटाउन वसवायला गेले, आणि नाशकात वाढलेले कितीतरी जण तिकडे राहायला गेले, मी पण त्याच वाटेने चाललोय. आम्ही तर हे बाबांकडून लहानपणापासून ऐकलेलं. बाबांचा लाडका जेकब वेनराइट. नाशकात शिकलेला पोरगा, १८७३ ला आफ्रिकेत फिरणारा तो मिशनरी लिव्हिंगस्टन वारला तेव्हा लिव्हिंगस्टनचं नाव झाडावर कोरलं ते जेकबने, आणि शवपेटीबरोबर पार लंडनपर्यंत गेला. बाबा हे सांगताना असे ताठ बसायचे की जेकब आमच्याच आळीत राहायचा.

आज सकाळी भांडी घासताना मात्र मला वेगळंच सुचत होतं. ती मुलं लहानपणी घरातून उचललेली, समुद्रावर सुटका झाली, तिथून मुंबई, तिथून नाशिक. इथे लोहारकाम सुतारकाम शिकली, मोठी झाली, कुणाकुणाची लग्नं झाली, आणि मग एक दिवस त्यांना म्हणे चला, आता तुमच्या आफ्रिकेत. निघताना कोणी कोणाला तवा दिला, कोणी हातोडी दिली, कोणाला कायमचा राग आला, हे कुठल्या साहेबाने लिहून ठेवलंय? आणि मुळात त्यांना विचारलं असेल का, की बाबांनो, जायचंय का तुम्हाला?

म्हणजे परत माझी गाडी तिथेच.

पण धाकटीचं बघा. दादा-वहिनी म्हणतात आम्ही परत चाललोय, आणि तिला बिचारीला नाशिक म्हणजे सुट्टीत यायचं ठिकाण, जिथे आत्या जबरदस्तीने मिसळ खायला लावते. काल विचारत होती, आत्या, तुमच्याकडून समुद्र किती लांब आहे? मी म्हटलं गोदावरी आहे ना. गप्पच बसली. फ्रिअरटाउनची जुनी घंटा आहे ना, गुलामांची जहाजं दिसली की वाजवायची ती, ती तिच्या शाळेच्या रस्त्यावर लागते, त्या घंटेचा पण फोटो तिने काढून ठेवलाय. तिला कोणी विचारलं नाही. दादालाही कुठे विचारलंय म्हणा, मिशनऱ्यांना केनियात राहायला लागतं ते क्लास आय परमिट वाढवून मिळालं नाही की विषय संपला. पाचारण देवाचं असतं असं दादा नेहमी म्हणतो. असेल. निघायची तारीख मात्र इमिग्रेशनवाल्यांची.

शाळेचा घोळ वेगळाच. तिकडे वर्ष जानेवारीत सुरू होतं, इथे जूनमध्ये. डिसेंबरात आलेलं पोरगं कोणत्या वर्गात बसवायचं हे गंगापूर रोडच्या एकाही शाळेला सांगता येत नाहीये, सगळे म्हणतात जूनला या. तोपर्यंत पोरीने काय करायचं, करंज्या लाटायच्या? नाताळच्या फराळाला लागेलच म्हणा हाताशी कोणीतरी.

दुपारी ह्यांना खलबत्त्याचं सांगितलं. पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "आला असता तर कुटणार होतीस का तू? मागच्या नाताळात वाटण मिक्सरमधूनच काढलंस की." मला इतका राग आला की चहा दिलाच नाही, आणि मग ओट्याशी उभी राहून एकटीच हसत बसले. कारण खरंच आहे. तो इथे असता तर माळ्यावर गंजत पडला असता, किंवा दाराला लावला असता. ती शेजारीण निदान कुटते तरी. वहिनी म्हणाली होती एकदा, रोज मागून नेते आणि धुवून आणून देते म्हणून.

तरी विचारायला हवं होतं, हे माझं मत कायम आहे.

संध्याकाळी पाळकसाहेबांचा फोन, स्वागताचा कार्यक्रम ठरवायचाय, शाल, गुच्छ, प्रीतिभोजन, आणि बिर्याणीचं तेवढं ताई तुम्ही बघा. अर्थात. ताई बघतील. मी आतल्या खोलीचं कपाट रिकामं करायला घेतलं आणि डोक्यातल्या डोक्यात चिठ्ठ्या चिकटवत गेले, हे कपाट वहिनीचं, हा पलंग दादाचा, खिडकीतली जागा धाकटीची, सोफा ह्यांचा, आणि माझ्यासाठी ओटा आणि गॅसचं बुकिंग.

तेवढ्यात वहिनीचा मेसेज. येताना तुझ्यासाठी काय आणू? आधी "काही नको" लिहिलं. मग ते पुसलं. खलबत्त्याचं लिहायला घेतलं, तेही पुसलं. शेवटी लिहिलं, चहा आण, तिकडचा चांगला असतो म्हणतात, दोन किलो आण, बॅगेत तेवढी जागा झालीच असेल. तिने हसणारी तोंडं पाठवली. कळलं की नाही देव जाणे.

हे म्हणाले दोन किलो चहा पिणार कोण आपल्याकडे. म्हटलं वाटू की. पाळकसाहेबांना एक पुडा, महिला मंडळात एकेक, खालच्या काकूंना एक, आणि कोणाला किती ते मी ठरवणार, नावं पण मीच लिहिणार.