हायदाय म्हणजे सागरी पट्टा

आजचा दिवस चिनी समुद्रशैवालांच्या नावांची यादी लावण्यात गेला. उच्चाराचं आधी: खालच्या नावांत च 'चमचा'तला आणि ज 'जमीन'मधला.

चिनी नाव बहुतेक वेळा दिसण्यावरून पडतं. हायदाय म्हणजे सागरी पट्टा, आपण केल्प म्हणतो ते लांब पट्ट्यांचं तपकिरी शैवाल. जचाय म्हणजे जांभळी भाजी. सूपमध्ये टाकायची सुकी चकती. तेच शैवाल भाजून पातळ कागदासारखं आलं की पाकिटावर हायथाय, 'सागरी शेवाळ'. 'चाय' म्हणजे भाजी (आपला चहा नव्हे!), त्यामुळे हा शब्द शेवटी दिसला की ते बहुधा खायचं. पण फाचाय, 'केसभाजी', समुद्रातली नाहीच. ती कोरड्या माळरानावर वाढते. उच्चार 'श्रीमंत व्हा' या अर्थाच्या चिनी शब्दांसारखा, म्हणून नववर्षाच्या ताटात तिला मान. उपटून उपटून जमीन उघडी पडायला लागली, तेव्हा 2000 साली चीनने ती गोळा करण्यावर आणि विकण्यावर बंदी घातली.

खरा घोटाळा हायजाव आणि हायचाव यांत. पहिलं शैवाल, दुसरं समुद्रगवत, म्हणजे मुळं-फुलं असलेली वनस्पती. झोस्टेरा हे गवत, तरी जुनं नाव दायेजाव, 'मोठ्या पानांचं शैवाल'. हल्ली मानचाव, 'ईलगवत', लिहितात. शोधताना दोन्ही नावं टाका, नाहीतर जुने लेख निसटतात.

चिनी औषधांच्या दुकानात मात्र हायजाव म्हणजे फक्त सरगॅसम हे एक तपकिरी शैवाल. आणि खुन्बू मागितलं तर केल्प किंवा एक्लोनिया हे दुसरं तपकिरी शैवाल, दोन्हींपैकी काहीही मिळू शकतं. तिथे लॅटिन नाव विचारून घ्यायचं.